याला कोण बोलावतं?

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. दोन बॅगा, एक उशी आणि ही वही. वही खारूने दिली. निघताना हातात कोंबली आणि मी उघडायच्या आत मावशीच्या मागे जाऊन लपली. पहिल्या पानावर जांभळ्या स्केचपेनने लिहिलंय, 'आईची वही. दुसऱ्यांनी वाचू नये.' त्यातलं 'दुसऱ्यांनी' तीनदा खोडलंय. खारू म्हणजे माझी लेक, वय वर्षं आठ. खाऊ गालात दाबून तासभर चघळायची सवय, म्हणून तिचं नाव पडलं खारूताई, आणि आता शाळेतल्या बाईसुद्धा तिला खारूच म्हणतात.

खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. एकोणचाळीस पायऱ्या. घरमालकीणबाईंचे गुडघे दुखतात, तरी कौतुकाने वर आल्या, नळ कुठल्या बाजूला फिरवला की गरम पाणी येतं ते दाखवलं आणि मग अर्धा तास खालच्या भाडेकरूच्या तक्रारी सांगितल्या. मी फोनवरच दोन खाटा मागून ठेवल्या होत्या. त्यांनी विचारलं, एकट्या बाईला दोन कशाला? खिडकीजवळची माझ्या मुलीची, म्हटलं. नोकरी सहा महिने कच्ची, मग कायम. कायम झाले की इथल्या शाळेत खारूचं नाव घालायचं आणि तिला घेऊन यायचं. तोवर ती माझ्या ताईकडे. तिच्या बाबांनी चार वर्षांपूर्वी दुसरा संसार थाटला, त्यामुळे तिकडे विचारायचा प्रश्नच नाही.

सातला तिचा फोन आला. ताईचा फोन घेऊन ती स्वतः आकडे दाबते, माझा नंबर तिला तोंडपाठ आहे. पहिलाच प्रश्न, आई, मला कधी बोलावणार? मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हटलं. तिने बोटांवर महिने मोजले, सात भरले, मग म्हणाली की अंगठा चुकून मोजला.

मन आज छान आहे. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो आणि थोडं आकाश. आपल्याला पुरे आहे.

५ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, नऊ टेबलं, त्यातली चार रिकामी. आम्ही चष्म्याच्या दुकानांसाठी प्रोग्राम बनवतो. गिऱ्हाइकाचा नंबर, फ्रेम, काचा, चष्मा तयार कधी होणार, सगळं त्यात. दीड हजार दुकानं सव्वीस वर्षं तोच वापरतायत. मला घेतलंय ते 'शिफ्टिंग'साठी.

खारूला शिफ्टिंग समजावताना नाकी नऊ आले. म्हटलं, प्रोग्राम म्हणजे घर समज. खोल्या आम्ही बांधतो, पण घराचा सांगाडा ऑपरेटिंग सिस्टिमवाली कंपनी देते, त्याला फ्रेमवर्क म्हणतात. दर काही वर्षांनी कंपनी म्हणते, हा सांगाडा जुना झाला, आता नवा घ्या. मग एकेक खोली उचलून नव्या सांगाड्यावर न्यायची, आणि तीही आत माणसं राहत असताना. खारूने विचारलं, मग जुन्या खोलीचं काय करतात? पाडतात, म्हटलं. आणि आत कुणी झोपलं असलं तर? असलं काहीतरी तिला बरोबर सुचतं.

भिंतीवर दोनशे चौदा चौकोनांचा तक्ता आहे. एक चौकोन म्हणजे एक स्क्रीन. तो नव्यावर गेला की हिरवा ठिपका चिकटवायचा. हिरव्याखाली कुठे कुठे निळे ठिपके दिसतात आणि निळ्याखाली पिवळे. शिफ्टिंग अकरा वर्षं चाललंय. पिवळं संपत आलं तेव्हा कंपनीने निळं काढलं, निळं अर्ध्यावर आलं तेव्हा हिरवं.

टीमलीडला सगळे मागून कॅलेंडर म्हणतात, कारण तारखेशिवाय त्याच्या तोंडून वाक्य निघत नाही. रोज सकाळी उभ्यानेच मीटिंग घेतो, यादीतलं एकेक नाव पुकारतो आणि आपण कालचं काम सांगायचं. मग नाना, साठीला आलेले. छपाईचा सगळा भाग त्यांनी लिहिलाय. आणि आक्का, डोळ्यांच्या नंबरांचे स्क्रीन त्यांचे. दोघं पहिल्या दिवसापासून इथे आहेत. बाकीचे कानात इअरफोनची बोंडं घालून बसतात, ओळख व्हायची आहे. आक्कांनी आल्या आल्या मला अर्धं संत्रं सोलून दिलं, बिया काढून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रोग्रामचा एक तुकडा दुसऱ्याला काम सांगतो, त्याला सगळं जग कॉल म्हणतं. नाना 'बोलावणं' म्हणतात. 'याला कोण बोलावतं?' हा प्रश्न ते दिवसातून पन्नास वेळा विचारतात, आता मीही विचारायला लागले आहे.

पद्धत त्यांनीच शिकवली. ज्याने जुना स्क्रीन लिहिला त्याच्या शेजारी बसून सगळं विचारून घ्यायचं आणि नव्याने लिहायचं. प्रत्येक फाइलच्या पहिल्या ओळीत लिहिणाऱ्याचं नाव असतं, नव्या फाइलवर माझं येणार. मग दोन आठवडे थांबायचं. मग जुन्या तुकड्याचं नाव सगळ्या प्रोग्रामभर शोधायचं. शोधात शून्य आलं, म्हणजे त्याला कुणी बोलावत नाही, की तो पुसायचा.

इथे नाना मान हलवतात. म्हणाले, शोध नावाने होतो, पण हाक नेहमी नावानेच मारतात असं थोडंच आहे? जुन्या फ्रेमवर्कमध्ये हाक ऐन वेळी जुळवता येते, अर्धा शब्द इथून, अर्धा तिथून. काही दुकानं त्यांच्या छपाईला तशीच बोलावतात, आणि शोधलं तर शून्य. मग घरचंच उदाहरण दिलं. त्यांची बायको त्यांना बत्तीस वर्षं 'अहो' म्हणते. शोधा म्हणाले आमच्या घरात माझं नाव, सापडतो का मी बघा! आक्का इतक्या हसल्या की चहा सांडला. तेवढ्यात चार वाजले आणि ऑफिसच्या फोनवर त्यांच्या बायकोचा फोन आला. रोज चारला येतो म्हणे, जेवलात का विचारायला. मग आणखी हसलो.

मी विचारलं, चुकून पुसलं आणि नंतर कुणी बोलावलंच तर? नाना म्हणाले, नवं फ्रेमवर्क असेल तर आदळआपट करून बंद पडतं. जुनं तक्रार करत नाही. नसलेल्याला हाक मारली तर काही होत नाही, एवढंच. हाक मारणारा आपला मारत राहतो.

२ डिसेंबर, मंगळवार

आज पहिलं पुसणं. आक्कांचे बाकीचे स्क्रीन आधीच्यांनी नेले होते, एकच उरला होता, तो मी नेला. आक्का शेजारीच होत्या. म्हणाल्या, पूस गं, ती अक्षरं आता माझी मलाच ओळखू येत नाहीत. शोध घेतला, शून्य. बटण दाबलं. गंमत म्हणून त्यांचं स्वतःचं नाव सगळ्या प्रोग्रामभर शोधलं, तेही शून्य. सव्वीस वर्षांचं काम गेलं म्हणून त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्या संत्रं सोलत होत्या.

कॅलेंडरने टाळ्या वाजवल्या. माझ्या हातून चौकोनावर हिरवा ठिपका लागला आणि मी त्याचा फोटो काढून खारूला पाठवला. ती म्हणाली वाटाणा आहे.

५ डिसेंबर, शुक्रवार

आज काहीतरी विचित्र झालं. म्हणजे तीन दिवस होतंय, मी आज पाहिलं. मीटिंगमध्ये कॅलेंडरने आक्कांचं नाव पुकारलंच नाही. त्या कालचं काम सांगायला तोंड उघडून तशाच उभ्या राहिल्या, आणि सगळे आपापल्या जागेवर गेले. नंतर मी कॅलेंडरला विचारलं. त्याने यादी पाहिली आणि मलाच विचारलं की कोण आक्का. मी बोट दाखवलं. त्याने त्या टेबलाकडे नीट बघितलं, आक्का समोर बसलेल्या होत्या, आणि म्हणाला की हो, ती खुर्ची सोमवारपर्यंत हलवायला हवी.

चहावाला ट्रॉली घेऊन त्यांच्यापाशी थांबला नाही. मी माझा कप त्यांना दिला. त्या हळूच काहीतरी म्हणाल्या, मला नीट ऐकू आलं नाही.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ऑफिसच्या भानगडीत पडू नकोस, आधी कायम हो.

१९ डिसेंबर, शुक्रवार

जेवणाच्या सुट्टीत वही मागून चाळत बसले होते. ५ तारखेला बरंच काही 'आक्का' म्हणून लिहिलंय. कोण आक्का? अक्षर माझंच आहे. मागे मागे गेले तर सगळीकडे आहे. संत्रं, चहा, हसणं. तिसऱ्या टेबलावर आता प्रिंटर असतो. त्याचा खण उघडला तर आत वाळलेल्या साली होत्या.

नानांना वही दाखवली. त्यांनी स्वतःचा खण पूर्ण बाहेर काढून उलटा केला. तळाला पेन्सिलीने लिहिलंय, आक्का, दादा, बंडू, छोटी, सरदार, असे अकरा. म्हणाले, पिवळ्यात चार गेले, निळ्यात सहा, हिरव्यात ही पहिली. खरी नावं लिहून पाहिली होती, ती दुसऱ्या दिवशी लाकडावरून गेलेली असायची. हाका तेवढ्या राहतात. चेहरे त्यांनाही आठवत नाहीत. प्रोग्राममधून नाव गेलं की माणूस कुणाला लागत नाही, इतकंच त्यांना कळलंय.

त्यांची एकच फाइल उरली आहे, छपाईची. मेमध्ये ते निवृत्त होतात. तोवर ती राहिली तर आपण यातून सुटू असं त्यांना वाटतं. माझं तेवढं सगळ्यात शेवटी घे, म्हणाले. मी शब्द दिला.

मला भीती वाटायला हवी होती. वाटली नाही. दुपारभर काम केलं.

१२ जानेवारी, सोमवार

कॅलेंडरने बोलावून सांगितलं की छपाई ३० तारखेच्या आत नव्यावर गेली पाहिजे आणि जुनी पुसली पाहिजे. नाही तर माझं कायमचं पत्र निघणार नाही. मी म्हटलं, शोधात शून्य येतं पण दुकानं बोलावतात. तो म्हणाला, शोधात शून्य म्हणजे शून्य.

सातला खारू. मासे असलेली चादर हवी आहे तिला खिडकीजवळच्या खाटेवर. ३ मेला तिचं तिकीट काढायचं ताईने ठरवलंय. किती दिवस राहिले विचारलं तर एकशे अकरा निघाले. तिने ते इंग्रजी आकड्यांत लिहून पाहिलं आणि म्हणाली, तीन काठ्या. आई, काठ्या संपल्या की मला बोलाव.

३० जानेवारी, शुक्रवार

नाना शेजारी बसले होते. जुन्या सवयीने त्यांनी विचारलं, याला कोण बोलावतं?

कुणी नाही, म्हटलं.

शोध चालवला. शून्य. शून्याचा अर्थ मला ठाऊक होता आणि मला तो ठाऊक आहे हे नानांना ठाऊक होतं. त्यांनी एवढंच विचारलं की मुलगी कितवीत आहे. तिसरीत, म्हटलं. मग मी बटण दाबलं. त्यांनी डबा पिशवीत भरला, खुर्ची टेबलाखाली सरकवली. चार वाजायचे होते.

जाताना त्यांचा खण काढून तळाला 'नाना' लिहिलं. पेन्सिल त्यांचीच.

३ फेब्रुवारी, मंगळवार

चाळीस दुकानांत छपाई बंद. दुकानदार बटण दाबतो आणि काही होत नाही. चूकही दाखवत नाही. संध्याकाळपर्यंत ती दुकानं नव्या छपाईला जोडली. कॅलेंडरने मीटिंगमध्ये माझं कौतुक केलं.

चारला ऑफिसचा फोन वाजला. कुणी उचलेना म्हणून मी उचलला. एक बाई होत्या. म्हणाल्या, जरा ह्यांना देता का? कुणाला, विचारलं. ह्यांना हो, म्हणाल्या. नाव विचारलं. मग म्हणाल्या, बघा ना, आत्ता ओठांवर होतं. त्यांना हसू आलं आपल्या विसरभोळेपणाचं. जेवले का एवढंच विचारायचं होतं म्हणाल्या.

चुकीचा नंबर लागलाय, म्हटलं.

घरी येऊन वही वाचली तेव्हा कळलं त्या कोण. कळलं, वाटलं काहीच नाही. दात काढताना गाल बधिर करतात तसं झालंय. बोटाने दाबलं तर बोटाला कळतं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

त्या रोज चारला फोन करतात. रोज मी चुकीचा नंबर म्हणते. त्या रोज माफी मागतात.

प्रोग्राममध्ये एकसष्ट फाइलींवर माझं नाव आहे. मोजून पाहिलं.

९ मार्च, सोमवार

ऑपरेटिंग सिस्टिमवाल्या कंपनीने नवं फ्रेमवर्क जाहीर केलं. हिरवं आता जुनं. मी नोव्हेंबरपासून लिहिलेल्या प्रत्येक फाइलीवर आज सकाळी पिवळी पट्टी दिसते: 'कालबाह्य. पुढील आवृत्तीत काढण्यात येईल.' कॅलेंडरने नारिंगी ठिपक्यांचं पाकीट फोडलं. या वेळी हलवायचं काम यंत्रच करणार, दिवसाला तीन-चार फाइली. थांबायचे दोन आठवडेही रद्द.

माझं काय, विचारलं. तो म्हणाला की माझं पत्र ४ मेला निघेल, काळजी नको.

माशांची चादर मिळाली. खाटेवर घालून ठेवली.

६ एप्रिल, सोमवार

नवे गृहस्थ आले. चाळिशीचे, अदबशीर, हातात नवी वही. सहा महिने कच्ची नोकरी. आजारी वडील गावी एकटे आहेत, कायम झालं की त्यांना इकडे आणायचंय. बोलताना त्यांनी खिशातून वडिलांचा फोटो काढून दाखवला.

माझ्या शेजारी बसले. सगळं लिहून घेतात. विचारलं, याला कुणी बोलावत नाही हे ओळखायचं कसं? कॅलेंडर मागेच उभा होता. मी म्हटलं, नाव शोधायचं. शून्य आलं की पुसायचं.

त्यांनी लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली.

नाना जे म्हणाले होते ते मी सांगितलं नाही. मुद्दाम नाही. सवयीने तोंडून एवढंच आलं. घरी येऊन वहीत १४ नोव्हेंबर वाचला आणि मग आठवलं.

१६ एप्रिल, गुरुवार

माझ्या नावाच्या पस्तीस फाइली उरल्या.

घरमालकीणबाई जिन्यात भेटल्या. खोली बघायला आलात का विचारलं. मी इथेच राहते, म्हटलं. हो का, म्हणाल्या, आणि किल्लीने माझं दार उघडून मला नळ कुठे फिरवायचा ते दाखवलं. एकटीला दोन खाटा कशाला लागतात म्हणून हसल्या.

मीटिंगमध्ये माझ्या नावापाशी कॅलेंडर अडखळला. मग 'तुम्ही' म्हणाला.

२३ एप्रिल, गुरुवार

सव्वीस.

ताईला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी माझं नाव सांगितलं. म्हणजे सांगायला गेले. आठवायला वेळ लागला. ताई म्हणाली चुकीचा नंबर आहे, आणि ठेवला. आवाजात राग नव्हता. मी चारला बोलते तसंच बोलली.

सातला खारूचा आला. आई, म्हणाली. जीव भांड्यात पडला. कितीतरी दिवसांनी काहीतरी वाटलं. ती तक्रार करत होती. मावशी विचारते की तू रोज आकडे दाबून कुणाशी बोलतेस. मावशीने तिकीट रद्द केलंय, कुणाकडे जायचं म्हणते. मी म्हटलं आईकडे, तर तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला. आई, तू सांग ना तिला.

सांगते, म्हटलं.

उरलेल्या दिवसांच्या दहा काठ्या तिने भिंतीवर काढल्या आहेत. रोज एक खोडते.

२९ एप्रिल, बुधवार

सहा.

चहावाला थांबला नाही.

आरशासमोर उभी राहून नाव म्हणायचा प्रयत्न केला. पहिलं अक्षर — स असावं. नाही. वहीत शोधलं. एवढ्या पानांत मी माझं नाव एकदाही लिहिलेलं नाही. आपली वही आपण, कशाला लिहायचं.

भीती नाही. थंड पाण्यात हात बराच वेळ राहिल्यासारखं —

३० एप्रिल, गुरुवार

पत्र आलं. चार दिवस आधीच. टेबलावर ठेवलेलं. 'आपल्याला कळवण्यास आनंद होतो की ________ यांना कायम करण्यात येत आहे.' मधली जागा कोरी. सही, शिक्का, सगळं आहे.

हसले मी. मोठ्याने. कुणी वळून पाहिलं नाही.

दोन फाइली.

१ मे, शुक्रवार, दुपार

एक.

आज सुट्टी, पण कॅलेंडरने सगळ्यांना बोलावलंय. गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसले. मी आहे हे कळायला त्यांना वेळ लागला. सगळं सांगितलं. शोध नावाने होतो, हाक नावाने नसते. माझी मुलगी मला नावाने हाक मारत नाही. कुठलंच मूल मारत नाही. तुमचा शोध तिला पकडणार नाही. शून्य येईल पण ते शून्य नाही. ती रोज सातला बोलावते. सोमवारपर्यंत थांबा. परवा मी तिला आणते, मग हवं ते करा.

त्यांनी ऐकून घेतलं. चांगला माणूस आहे. वहीत लिहूनही घेतलं. मग म्हणाले की आज पाचपर्यंत दाखवायचंय. वडिलांना परत दवाखान्यात ठेवलंय.

त्यांनी विचारलं, याला कोण बोलावतं?

आणि माझ्याकडे बघेनासे झाले. माझ्यापलीकडे, कॅलेंडरकडे बघत होते. कॅलेंडर म्हणाला कुणी नाही.

नानांचा खण काढला. पेन्सिल. काय लिहू. ऑफिसात मला कुणी काही म्हणतच नव्हतं. आक्का, नाना, आणि मी — शेवटी 'आई' लिहिलं. दुसरी हाक मला नाहीच.

ऑफिसचा फोन वाजतोय. चार वाजले. उचलला. म्हटलं, बाई, ते इथेच होते हो, ते जेवले, ते चांगले होते, चूक माझी आहे. त्या म्हणाल्या, हॅलो? हॅलो? — कुणी बोलत नाही वाटतं —

सात

घरी. एकोणचाळीस पायऱ्या. माझ्या दाराला कुलूप नवं — दार कसं उघडलं माहीत नाही. खाटेवर मासे आहेत.

पहिलं पान उघडून बसले. 'आईची वही.' आहे अजून. जांभळं आहे.

वाजला. तिचाच.

आई, म्हणाली.

खारू, म्हटलं, मी आहे.

आई?

आहे. आहे मी. ओरडले. भिंतीवर हात आपटला. आवाज नाही —

ताई पलीकडून काहीतरी विचारते आहे. खारू तिला सांगते, लागलाय गं मावशी फोन. नुसतं काही होत नाहीये. उद्या परत लावते.

ती लावेल. उद्या. परवा. रोज सातला. तिला नंबर पाठ आहे, ती थांबणार नाही, ती हाक मारत —

आता वाटतंय. सगळं एकदम वाटतंय.

ठेवू नको. खारू, ठेवू नको. परत एकदा हाक मार. नावाने नको, नाव गेलं. नेहमीसारखी, नुसतं